एकशे त्रेचाळीस

पुरानं फुगवलेली जुनी फरशी उखडली
तेव्हा सातवीच्या वर्गाखाली नुसती माती निघाली,
आणि तिसऱ्या दिवशी दस्तगीर मिस्त्री मिरजेहून आले,
कानामागं पेन्सिल, पिशवीत गुण्या, दोऱ्याचं रीळ.

खोली केवढी? बारा बाय बारा.
फरशी केवढी? फुटाची.
मग किती लागतील, मी पोरांना विचारलं
(शिक्षिकेची खोड, जाता जात नाही)
आणि अंकलखोपच्या शाळेच्या ओट्यावरून
एकोणीस तोंडं एका सुरात:
बारे बारे चव्वेचाळासे.

म्हणायला सोपं. उलटं विचारलं की गप्प.
एकशे चव्वेचाळीस फरश्या दिल्या,
चौरस खोली हवी, तर बाजू केवढी?
सन्मती चौगुले बाहेर उसाकडं बघायला लागला.
त्याचं काय चुकलं?
वर्ग म्हणजे ही खोली, वर्ग म्हणजे बारा गुणिले बारा,
आणि मुळाचं फळ्यावर नुसतं एक चिन्ह,
मोडक्या छपरासारखं.
इतकी वर्षं मी ते काढायचे, खाली दोन रेघा मारायचे
आणि पुढच्या धड्याला लागायचे.

मिस्त्रींनी ऐकलं असावं.
त्यांनी कोपऱ्यात एक फरशी ठेवली. कोरडीच, खाली सिमेंट नाही.
"हा एकाचा."
तिच्या दोन अंगांना दोन, कोपऱ्यावर एक, अशा तीन.
"हा दोनाचा."
मग पाच. मग सात.
दरवेळी गुण्यासारखी एक घडी बाहेरून येऊन टेकायची
आणि चौरस चौरसच राहायचा, फक्त अंगानं भरायचा,
जूनमध्ये पाहिलेलं पोर दिवाळीनंतर ओळखू येऊ नये तसा.
नऊ ठेवल्या, पंचवीस झाल्या.
"आता तू मागं ने," ते सन्मतीला म्हणाले.
"नऊ उचल, थांब. सात उचल, थांब."
पाच. तीन. एक.
"किती वेळा थांबलास?"
पाच, म्हणाला सन्मती,
आणि हात न झाडता तसाच उकिडवा बसून राहिला.

दुपारी त्यांनी टेप माझ्या हातात दिली.
एका फरशीची तिरपी मापा, बाई.
सतरा इंच. एक केस कमी.
"तो केस आमच्या वडलांनाही सापडला नाही."
फुटात सांगायचं तर सव्वाहून जास्त, दिडाहून कमी.
पावकी, निमकी, सवायकी, दिडकी,
माझ्या आजोबांना सगळे पाढे पाठ होते,
पण ह्या मधल्या लांबीला कुणी हाक मारलेली नाही.
ती आहे. पायाखाली रोज आहे.
आकड्यात मांडायला जावं तर संपत नाही.
हजेरीपटावर असतात अशी दोन-तीन नावं.

संध्याकाळी मोजणी झाली. एकशे त्रेचाळीस.
एक टेम्पोतच फुटली होती, पुलाच्या चढावर.
सन्मती बोटं मोडत म्हणाला,
"अकरा बाय तेरा केली तर पुरतील की!"
पुरल्या असत्या. भिंती ऐकणार होत्या थोड्याच.
रात्री मी वहीत ताडून पाहिलं:
शंभरातून एक काढा, नऊ अकरे नव्याण्णव,
पंचवीसातून एक काढा, चार सक चोवीस.
एक हरवलं की चौरस असा लांबट होतो,
आणि चौरसच ठेवायचा हट्ट धरला
तर बाजू बारा फुटांना अर्धा इंच कमी,
म्हणजे भिंतीकडेनं एक फट, सगळीकडं थोडी थोडी.

मिस्त्रींनी फट वाटून दिली नाही.
दाराशी फुटाएवढी जागा उघडी ठेवली
आणि उखडलेल्या ढिगातली एक जुनी शहाबादी कापून
तिथं बसवली. गाळाचा डाग तसाच.

सोमवारी वर्ग भरला.
अठराजण तिच्यावर पाय देऊन धडाधड आत गेले.
सन्मती दाराशी थांबला.
एकदाच.